सूक्ष्मजीवाश्म, सागरी : कोकण व मध्य भारतातील प्राचीन द्रोणी

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत, उदा., कळंबच्या परिसरात, उघडे पडलेले बहुतेक सर्व खडक दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट आहेत. लाव्ह्यापासून बनलेल्या या खडकांत सागरी जीवाश्म नाहीत. तथापि ट्रॅपचे थर पनवेलच्या आसपास वाकून पश्चिमेस कलतात आणि किनाऱ्यापलीकडे समुद्रतळाखाली जातात. तेथे त्यांच्यावर साचलेल्या गाळात सागरी सूक्ष्मजीवाश्म विपुल आहेत. हे कळून येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

मुंबई लष्करातील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूविज्ञानाचे वर्णन १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. लाव्ह्यांच्या थरांदरम्यानच्या शेलमध्ये बेडकांच्या सांगाड्यांसोबत सिप्रिस या ऑस्ट्रॅकोडांची बारीक द्विपुटी कवचे आढळतात. यावरून ते थर गोड्या पाण्यात साचले, हे स्पष्ट होते. सिंधमधील मोठ्या फोरॅमिनीफेरांवरही कार्टर यांनी लेखन केले होते. मुंबईलगतचा सागरी पुरावा मात्र पाण्याखालील खडकांत होता व वेधनाशिवाय तो हाती येणे शक्य नव्हते.

‘सागर सम्राट’ या जहाजावरून १९७४ मध्ये मुंबई हाय येथे खनिज तेल सापडले. विहिरीतून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात मोठे शंखशिंपले भंगून जातात. सूक्ष्म कवचे पुष्कळदा अखंड राहतात. म्हणूनच तेलसंशोधनात त्यांना इतके महत्त्व आले. पुरातन पर्यावरण ठरविताना जातींची केवळ संख्या पुरत नाही. थोड्या जाती व त्यांच्या असंख्य व्यक्ती आढळल्यास पाण्याची क्षारता बदलत असलेली खाडी अथवा खाजण संभवते. प्लवक फोरॅमिनीफेरांचे प्रमाण जास्त असल्यास खुला व खोल समुद्र सूचित होतो. नाण्यासारखे न्युम्युलाइट व इतर मोठे तलस्थ फोरॅमिनीफेरा स्वच्छ, उबदार आणि सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या उथळ पाण्याचे निदर्शक होत. मुंबईलगतच्या द्रोणीत अशा उथळ पाण्यातील चुनखडकांची जाडी मोठी आहे. उथळ पाण्यात इतका जाड गाळ साचावयाचा, तर तळ गाळाबरोबर सतत खचत गेला असला पाहिजे. अन्यथा द्रोणी लवकरच भरून गेली असती.

याच्या अगदी उलट कोडे मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे उपस्थित झाले. दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किमी. दूर असलेल्या या ठिकाणच्या अंतरा-ट्रॅपी थरांतून, गोड्या व मचूळ पाण्यातील ऑस्ट्रॅकोडांसोबत, पॅलिओसीन काळाच्या आरंभीचे प्लवक फोरॅमिनीफेरा मिळाल्याचे गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. नर्मदा–तापी खोऱ्यांच्या दिशेने समुद्राचा फाटा आत शिरला होता, असे अनुमान त्यांनी काढले. पश्चिमेस बाघ येथे त्याहून जुने, क्रिटेशस काळातील सागरी थर असल्याने ही कल्पना अगदीच निराधार ठरत नाही. परंतु फोरॅमिनीफेरायुक्त थर पातळ आहे आणि एका स्थळावरून एवढा मोठा सागरी मार्ग आखणे धाडसाचे होय. नागपूरजवळील टाकळीसारख्या स्थळी, जेथील जीवाश्मांचे वर्णन हिस्लॉप व हंटर यांनी १८५५ मध्येच केले, तळी व दलदली यांतीलच जीव प्रामुख्याने आढळतात.