मिसळणाचा डबा आणि परमुलुखातील टिपणे

नर्मदातीरी ग्वारीघाटावर महाराष्ट्रातून आलेले परिक्रमावासी भेटतात. त्यांच्या झोळीत सुंठ, ओवा बहुधा असतोच. जबलपुरातील मराठी घरांतही मिसळणाचा डबा अर्धा स्वयंपाकाचा व अर्धा औषधाचा. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली गढा-मंडला घेतले. पुढे १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणजे हा डबा या तीरावर येऊन दोनशे वर्षे उलटून गेली. आपल्या मसाल्यांत औषध आहे, असे आपण परप्रांतीय स्नेह्यांस अभिमानाने सांगतो. परंतु ते ज्ञान लिहून कोणी ठेवले, हे पाहू गेल्यास मोठी मौज दिसते. त्यांतील बराच भाग आपल्यासारख्याच, घरापासून दूर पडलेल्या माणसांनी लिहिला आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला व तेथेच राहिला. अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारीही त्याची ये-जा होती. देशी वैद्यांस विचारून त्याने मिरे, आले, हळद, हिंग यांचे गुण टिपले आणि १५६३ साली गोव्यातच संवादरूपाने ग्रंथ छापला. कुलिंजनाचे त्याने दोन प्रकार सांगितले आहेत, चीनचे लहान व जावाचे मोठे. यांपैकी मोठे कुलिंजन, गवती चहाच्या जोडीने, सयामी स्वयंपाकातील रश्शांचा आजही प्राण आहे. आपल्याकडे मात्र ते स्वयंपाकघरातून हद्दपार होऊन गवयाच्या घशापुरते उरले!

ओर्ताने वैद्यांचे ऐकले, पण श्रेय क्वचितच दिले. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन रीड याने ते दिले. मलबारच्या वनस्पतींवरील त्याचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे निघाला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांची १६७५ ची साक्ष आहे, आणि ती नागरी अक्षरांत छापली आहे. गोमंतकातून दक्षिणेस गेलेल्या समाजातील हे पंडित होते.

याच सुमारास रघुनाथ गणेश नवहस्त हे समर्थ रामदासांच्या परिचयातील पंडित महाराष्ट्र सोडून तंजावरास गेले. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्यांस आश्रय मिळाला. त्यांच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांचे गुणदोष वैद्यकाच्या आधारे सांगितले आहेत. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी जिलबीचा इतिहास लिहिताना या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जिलबी गाजली, गुणदोषांचे प्रकरण मागे पडले; हे आपल्या स्वभावास धरूनच झाले.

अशा टिपणांचा उपयोग काय, हे १९९५ नंतर कळले. त्या वर्षी जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. आजीने बोटाला हळद लावली होती, एवढी आठवण तेथे पुरावा म्हणून चालणार नव्हती. छापील कागद हवा होता. परिषदेने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यक नियतकालिकात आलेला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

हळदीचे सारे गुण त्यामुळे सिद्ध झाले, असे नव्हे. तिच्यातील कर्क्युमिन नुसते घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की मिऱ्यातील पायपेरिन सोबत दिल्यास ते वीसपट उतरते. मात्र त्यांची मात्रा दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनची होती. हळदीत ते शेकडा तीन-चारच असते. तेव्हा चिमूटभर हळदीच्या आमटीस तो हिशेब लावणे धाडसाचे होईल.

नर्मदाकाठच्या जुन्या मराठी घरांत काढे, चाटणे, बाळंतिणीचे लाडू यांच्या वह्या अजून आहेत. काही मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे आता थोडे. बालबोध लिपीतील वह्याही नव्या मुलांस तोळ्या-माशांपाशी अडवितात. त्या उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतो: तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि मासा त्याचा बारावा भाग.