लाखोळी आणि पिंजऱ्यात न मावलेली भूक

अकोल्याच्या डाळमिलांत तूर, हरभरा, मूग यांची नावे अभिमानाने घेतली जातात. लाखोळीचे नाव निघते ते भेसळीच्या संदर्भात. वऱ्हाडाच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे, ती उभ्या धानात फेकून पेरतात. मातीतल्या ओलीवर ती तगते, म्हणून दुष्काळात हाती उरते तीच. महिनोन्‌महिने प्रामुख्याने तीच खाल्ली, तर पाय ताठरतात. स्पर्श कळतो, वाचा शाबूत राहते. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून पायांकडे नेणारे तंतू मात्र कायमचे निकामी होतात. सागरकडच्या गावांतील असा पांगळेपणा स्लीमन यांनी १८४४ च्या ग्रंथात नोंदवला आहे.

मज्जारज्जूची इजा प्राण्यांवर अभ्यासण्याची एक वाट १९११ साली अमेरिकेत ॲलन यांनी घालून दिली. कुत्र्याच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन टाकायचे. अपघाताचा हिशेब त्यामुळे मांडता येऊ लागला.

लाखोळीचा हिशेब इतका सरळ नव्हता. १९३३ साली उंदरांना याच कुळातील ‘स्वीट पी’ या फुलवेलीच्या बिया खाऊ घातल्या, तर त्यांची हाडे वाकली. तो निराळाच रोग निघाला. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखोळीतले ‘ओडॅप’ हे विषारी द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलांत त्याने झटके येत. प्रौढ प्राण्यांत ते मेंदूपर्यंत सहज पोचत नसे. अखेर १९८६ साली स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी लाखोळीवर ठेवलेल्या माकडांत माणसासारखी सुरुवातीची लक्षणे दाखवली.

पण ही माकडे सुपोषित होती. रीवा भागातल्या वेठबिगाराचे तसे नव्हते. त्याला मजुरीच या धान्यात मिळे आणि दुसरे काही विकत घ्यायला हाती पैसा नसे. प्रयोगाने विष ओळखले. ते रोज खायला लावणारा व्यवहार पिंजऱ्यात मांडता येणारा नव्हता. १९६१ मध्ये विक्रीबंदी आली तीही धान्यावर. मजुरी कशात द्यायची, हा प्रश्न भेसळीच्या कायद्याच्या बाहेरच राहिला.

आज ‘प्रतीक’सारखी कमी विषाची वाणे आहेत. त्यांचे स्वागतच करावे. मात्र मूठभर लाखोळी वरणात घालणारा माणूस पांगळा होत नाही. जिच्याशिवाय ताटात दुसरे काहीच नाही, तो होतो. या रोगाचा इतिहास लिहिताना डाळीबरोबर ते ताटही तपासले पाहिजे.