तिळगुळाची कुळकथा

भुदरगड तालुक्याचें मुख्य ठिकाण जें गारगोटी तें वेदगंगेच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा व त्यांवर कोसळणारा अतोनात पाऊस, पूर्वेकडे नदीकांठचे उसाचे मळे, अशा दोन भिन्न मुलखांच्या सांध्यावर हें गांव आहे. पौष लागला कीं येथील गृहिणी डबे धुऊन उन्हांत घालते, तीळ निवडावयास बसते आणि चिकीचा गूळ कोठें चांगला मिळेल याची चौकशी करूं लागते. वर्षांतून एकदां घरोघर होणारा हा खटाटोप इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांतील प्रत्येक जिन्नस किती दुरून व किती काळानें आपल्या परातींत येऊन पडला, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

या मंडळींत तीळ सर्वांत वडील. हरप्पा येथील उत्खननांत जळून गोळा झालेले तीळ सांपडले. ते चार हजार वर्षांहून जुने आहेत. लागवडीच्या तिळाचा अगदीं जवळचा रानटी आप्त हिंदुस्थानच्या पश्चिम बाजूच्या प्रदेशांत आपोआप उगवतो. यावरून हें पीक मूळचें याच देशाचें, असें आतां बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ‘तेल’ हा शब्दच तिळापासून निघालेला. आज खोबऱ्याचें, करडईचें, फार काय मातीचेंही ‘तेल’ म्हणून जें आपण म्हणतों, त्या सर्वांनीं आपलें नांव या इवल्याशा दाण्यापासून उसनें घेतलें आहे. सुश्रुतानें तिळांत काळ्या तिळास श्रेष्ठ मानिलें व पांढऱ्यास मध्यम. महाराष्ट्रांतील गृहिणीनें संक्रांतीपुरता हा निर्णय फिरविला आणि पांढऱ्या तिळास मान दिला. काळा तीळ पितरांच्या तर्पणाकडे गेला. सोळाव्या शतकांतील भावप्रकाश नांवाच्या वैद्यकग्रंथांत कुटलेले तीळ व उसाचा गोड पदार्थ यांच्या मिश्रणास ‘पलल’ अशी स्वतंत्र संज्ञा दिलेली आहे. म्हणजे आपल्या तिळगुळास एक भारदस्त संस्कृत नांवही होतें. पण तें पोथींतच राहिलें, हें एका परीनें बरेंच झालें. संक्रांतीच्या सकाळीं ‘पलल घ्या’ असें म्हणत पोरें दारोदार फिरतांना पाहणें कोणास रुचलें नसतें!

गोडाचा इतिहासही या देशाचाच. शिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनीं मधमाश्यांवांचून मध देणाऱ्या बोरूची नवलाई लिहून ठेविली. तो बोरू म्हणजे ऊस. पुढें ‘शर्करा’ व ‘खंड’ हे दोन शब्द पश्चिमेकडे जाऊन निरनिराळ्या भाषांत साखरेचीं व मिठाईचीं नांवें होऊन बसले. पूर्वेकडे चीनच्या बादशहानें इ. स. ६४७ च्या सुमारास रस आटविण्याची विद्या शिकून येण्यासाठीं मगधांत माणसें धाडिलीं. ही विद्या आपल्या लोकांस इतकी साधी वाटे कीं तिच्यासाठीं कोणी समुद्र व वाळवंटें ओलांडील, हें त्यांस खरें वाटलें नसतें.

कोल्हापूरच्या गुळाचें मोठेपण मात्र त्या मानानें अलीकडचें आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा यांच्या खोऱ्यांत ऊस पूर्वींपासून होत असे. परंतु माल दूरवर जाण्यास सोय हवी होती. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. तेथें गुळाचे सौदे होऊं लागले व कोल्हापुरी गुळाचा रवा गुजराथेपर्यंत जाऊन पोंचला. २०१४ सालीं सरकारनें या गुळास भौगोलिक मानांकन दिलें, तें शेतकऱ्यांनीं व गुळव्यांनीं शतकभर आधीं मिळविलेल्या लौकिकाचें दप्तरी नोंदणीपत्र होय.

गुऱ्हाळावर सर्वांचें दैव ज्याच्या हातांत असतें तो गुळव्या. चरकांतून आलेला रस काहिलींत पडतो, खालीं चिपाडांचा जाळ चालतो, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात व ती काढून टाकतात. नंतर रस फसफसून उंच चढतो, मग बसतो, मग त्याचे बुडबुडे जड होऊन फुटूं लागतात. काहील उतरविण्याचा क्षण कोणता, हें गुळव्या डोळ्यानें, वासानें आणि पाण्यांत टाकलेल्या थेंबावरून ओळखतो. दोन पळें आधीं उतरविली तर गूळ मऊ राहून पावसाळ्यांत पाझरतो. दोन पळें उशीर झाला तर तो काळवंडतो व करपट लागतो. एका शेतकऱ्याची वर्षाची मेहनत या दोन पळांत बरी-वाईट ठरते. चिकीचा गूळ म्हणून जो वेगळा विकला जातो तो याच विद्येचा एक प्रकार. त्यास पाक पुरा होऊन कडकपणा येतो, म्हणून संक्रांतीच्या लाडवांस व वड्यांस तोच हवा असतो.

गुळव्याची हीच परीक्षा लहान प्रमाणावर घरच्या चुलीपुढें पुन्हां होते. दोन वाट्या तिळास सव्वा वाटी किसलेला गूळ पुरे. याहून अधिक घातला तर तिळाची चव बुडते व पदार्थ नुसता गोडमिट्ट होतो. हलवायाच्या दुकानीं गूळ अधिक दिसतो, कारण गूळ तिळाहून स्वस्त! तीळ मंद आंचेवर कोरडे भाजावे. ते फुगून तडतडूं लागले व चिमटींत सहज चुरडले कीं लगेच उतरवावे. नंतर कढईंत चमचाभर तूप, त्यावर गूळ. तो विरघळून फेसाळला कीं वाटींतल्या गार पाण्यांत थेंब टाकून पाहावा. थेंब पसरला तर पाक कच्चा. त्याची मऊ गोळी झाली तर तो लाडवांचा. आणि गोळी ताटलींत टाकतांच टणकन वाजली व दांताखालीं चिकटण्याऐवजीं मोडली, तर तो कुरकुरीत वडीचा पाक. तीळ तात्काळ त्यांत घालून, ढवळून, तूप लाविलेल्या पोळपाटावर ओतावे व निवण्यापूर्वीं पातळ लाटून सुरीनें रेघा पाडाव्या. येथें रेंगाळून चालत नाहीं.

हा टणकपणा येतो कोठून? गुळांतील पाणी जसजसें उडून जातें तसतशी पाकाची उष्णता वाढत जाते. ती सुमारें दीडशें अंशांवर गेली म्हणजे पाणी नाममात्र उरतें आणि असा पाक एकदम निवला कीं त्याचे स्फटिक न होतां तो कांचेसारखा होतो. कांच जशी टिचते तशी वडी टिचते. मात्र ही कांच हवेंतील ओल शोषून घेते, आणि गुळांत नुसत्या साखरेपेक्षां ओल ओढण्याचा गुण अधिक. म्हणून भुदरगडच्या आषाढांत केलेली वडी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत सादळते. पौषांत केलेली घट्ट झांकणाच्या डब्यांत महिनाभर कुरकुरीत राहते. सणाचा हा पदार्थ थंडीच्या कोरड्या हवेंत येतो यांत पंचांगाइतकाच हवेचाही वांटा आहे.

यापेक्षां कठीण काम हलव्याचें. ‘हलवा’ हा शब्द अरबी, अर्थ केवळ ‘गोड पदार्थ’. परंतु महाराष्ट्रांत संक्रांतीच्या संदर्भांत त्याचा अर्थ झाला साखरेचे कांटे आलेला तीळ. निखाऱ्यावर परात, परातींत मूठभर तीळ, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक आणि बोटांनीं अखंड चाळवणें. एक चमचा वाळला कीं दुसरा. असें दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतें. बोटें भाजतात, पाठ भरून येते. आंच जरा वाढली तर साखर तांबूस होते आणि हात जरा थांबला तर दाण्यांचा गठ्ठा बनतो. पहांटेच्या गारठ्यांत कांटा चांगला फुलतो, असा जाणत्या बायकांचा अनुभव. तिळाबरोबर खसखस, साबुदाणा, हरभऱ्याची डाळ, भोपळ्याचा मगज यांवरही असे कांटे चढवितात व त्या निरनिराळ्या आकारांच्या दाण्यांचे हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट ओवून नव्या सुनेस पहिल्या संक्रांतीस काळ्या लुगड्यावर घालतात. लहान मुलास बोरन्हाणाच्या वेळीं.

ही कला एकट्या महाराष्ट्राची, असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. युरोपांत औषधें विकणारे लोक शहाजिरें, धणे, बडीशेप यांवर अशाच रीतीनें साखर चढवीत. इंग्लंडांत ह्यू प्लॅट नांवाच्या गृहस्थानें सतराव्या शतकाच्या आरंभीं स्त्रियांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत निखाऱ्यावर टांगलेली परात, पळीनें सोडलेला पाक व हातानें चाळवणें ही सर्व कृति दिलेली आहे. इतकेंच नव्हे, तर गुळगुळीत दाणा व खडबडीत दाणा असे दोन प्रकार सांगून, खडबडीत हवा असल्यास पाक अधिक कढवून उंचावरून सोडावा, असेंही त्यानें लिहिलें आहे. इटलींत उत्सवांत एकमेकांवर असे साखरी दाणे उधळीत. पुढें त्यांची जागा कागदाच्या कपट्यांनीं घेतली, पण नांव दाण्यांचेंच राहिलें. औषधाच्या गोळ्यांवर साखरेचें कवच चढविणारे कारखान्यांतील फिरते घंगाळ याच परातीचें वंशज आहे. त्या यंत्रांतून निघणारा बाजारी हलवा गोल व पांढराशुभ्र असतो. कांटा मात्र बेताचाच.

तिळाच्या पंगतींत पुढें परदेशचे दोन पाहुणे येऊन बसले. भुईमूग हा दक्षिण अमेरिकेचा. तो पोर्तुगीजांच्या काळांत इकडे आला आणि कोल्हापूरच्या माळरानांत असा रुजला कीं आज शेंगदाण्याच्या चिकीस कोणी परकी म्हणणार नाहीं. दुसरा पाहुणा राजगिरा. याची हकीकत अधिक विलक्षण आहे. मेक्सिकोंतील अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठांत गोड चीक कालवून देवांच्या मूर्ति करीत व पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून खात. १५२१ सालीं त्यांचें राज्य बुडविल्यावर स्पेनच्या पाद्र्यांस या प्रसादांत आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली आणि त्यांनीं तो मोडून काढला. धान्याचें पीकही मागें पडलें. हा दाणा अमेरिकेंतूनच हिंदुस्थानांत आला, असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. येथें त्यास धान्यांत न धरल्यामुळें तो उपासास चालूं लागला. तिकडे ज्या दाण्यास देवळांतून हांकलून दिलें तो इकडे एकादशीच्या ताटांत मानानें बसला. मेक्सिकोंत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधांत किंवा गुळांत बांधून वड्या करतात आणि त्यांस ‘आनंद’ या अर्थाचें नांव आहे. गारगोटीच्या वर डोंगरांत पाटगांव हें मौनी महाराजांच्या मठाचें गांव आतां ‘मधाचें गांव’ म्हणून नांवारूपास आलें आहे. तेथील मध व राजगिऱ्याच्या लाह्या यांचा संयोग कोणी करून पाहिल्यास तो अगदींच नवा ठरणार नाहीं.

हे पदार्थ कागदावर आले उशिरां. ‘सूपशास्त्र’ हें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें पुस्तक १८७५ चें; लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें. त्यापूर्वीं ही विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांत जात होती आणि ते हात पुष्कळदां घरांतील विधवा आत्या-मावश्यांचे असत. ज्या घरांत हलव्याच्या परातीपुढें अशी बाई तीन दिवस बसे, त्याच घरांत हलव्याचे दागिने घातलेल्या सुनेचें हळदीकुंकू होतांना तिनें मात्र माजघराबाहेर येऊं नये, असा दंडक होता. तिळगूळ घेणें-देणें ही गोडीची खूण म्हणावयाची आणि तिचें तबक कोणापुढें न्यावें व कोणापुढें नेऊं नये, याचे नियम मात्र तिखट!

या नियमांस पहिला उघड धक्का पुण्यांत बसला. सावित्रीबाई फुले यांनीं महिला सेवा मंडळाच्या वतीनें १८५२ च्या संक्रांतीस स्त्रियांचा तिळगूळ समारंभ भरविला आणि निमंत्रणांतच स्पष्ट केलें कीं, कोणत्याही जातीच्या बाया आल्या तरी त्यांस एकाच जाजमावर बसवून, कसलाही भेद न ठेवतां हळदीकुंकू व तिळगूळ दिला जाईल. त्या काळीं एका जाजमावर बसणें हें एका शाळेंत बसण्याइतकेंच धाडसाचें होतें. जातीची भिंत अशा रीतीनें लागली हलूं. वैधव्याची तशीच उभी होती. कोल्हापूर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याचें पाठबळ दिलें. कायद्यानें विवाहाचा मार्ग मोकळा झाला, परंतु ज्या स्त्रीनें पुन्हां विवाह केला नाहीं तिच्या कपाळाचा व तिच्यापुढें न येणाऱ्या तबकाचा प्रश्न कायद्याच्या कक्षेंत येत नव्हता.

तो हातीं घेतला एका खेड्यानें. कोल्हापूर जिल्ह्यांत, गारगोटीपासून दूर, शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. शाहू छत्रपतींच्या निधनास शंभर वर्षें होत असतां, २०२२ च्या मे महिन्यांत, तेथील ग्रामसभेनें ठराव केला कीं, पति वारल्यावर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद कराव्यात. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस हा कित्ता गिरविण्यास सांगितलें व अनेक गांवांनीं तसे ठराव केले. त्यानंतरच्या संक्रांतींपासून महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं विधवांस आमंत्रण देऊन हळदीकुंकवाचे समारंभ झाल्याच्या वार्ता प्रसिद्ध होत आहेत. कांहीं घरांत अजूनही अशा बाईस आंतल्या खोलींतच तिळगूळ नेऊन देतात. कांहीं घरांत ती बाहेर येऊन इतरांबरोबर बसते आणि तिनें स्वतः केलेल्या वडीचें तबक तिच्यापुढें पहिल्यानें येतें.