गवती चहा
(पाती चहा, सं. भूस्तृण, क. मज्जिगे हुल्लु, लॅ. सिंबोपोगॉन सिट्रॅटस, कुल–पोएसी). लिंबासारख्या वासाचे बहुवर्षायू गवत. बेळगाव–चोर्ला मार्गावरील जांबोटी (ता. खानापूर) व सह्याद्रीलगतच्या इतर गावांत ते परसात किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावतात. युरोपातील बागांत लिंबवासाच्या चहासाठी मेलिसा ऑफिसिनॅलिस ही तुळशीच्या कुलातील वनस्पती लावली जाते. दोहोंच्या वासात सिट्रल या द्रव्याचा मोठा वाटा आहे.

वर्णन : पाने लांब, अरुंद, निळसर हिरवी, कडा इतक्या धारदार की उघडी बोटे कापतात. फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे बी मिळत नाही. एका परसातून दुसऱ्या परसात हे गवत फुटव्यांनीच जाते. मागणाऱ्याला फुटवा देणे हाच त्याचा प्रसार.

लागवड : पावसाळ्याच्या तोंडावर जुना ठोंब फोडून मुळांसह फुटवे काढावेत, शेंडे छाटावेत आणि सु. ६० सेंमी. अंतराने उथळ लावावेत. जांबोटीसारख्या अतिवृष्टीच्या भागात खोल लावलेला फुटवा कुजतो, म्हणून उंचवटा किंवा उतार निवडावा. ऊन भरपूर हवे. तीन-चार महिन्यांनी जमिनीपासून १०–१५ सेंमी. वर कापणी करावी. कापत राहिल्याने कोवळी पात येते. उन्हाळ्यात पाणी द्यावे. तांबेऱ्याची पाने काढून टाकावीत. काही वर्षांनी ठोंब दाटतो व मधला भाग वाळतो. तेव्हा तो फोडून नव्या जागी लावावा.

उपयोग : ताजी पात गाठ मारून किंवा कातरून चहात घालतात. पात, आले व गूळ यांचा काढा सर्दी-पडशात घाम यावा म्हणून देतात. साठवणीसाठी पात सावलीत वाळवावी. उन्हात वास उडतो. तेलात सिट्रल सु. ६५–८५ टक्के असते. सिट्रलापासून आयोनोन हे सुगंधद्रव्य व पुढे जीवनसत्त्व अ बनवतात. भारतात व्यापारी तेल मुख्यतः सि. फ्लेक्सुओसस या जातीपासून मिळते. तिच्या अभ्यासासाठी केरळातील ओडक्कली येथे १९५१ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. खानदेशात प्रसिद्ध असलेले रोशा गवत याच प्रजातीतील आहे.

काढा माफक घ्यावा. गरोदरपणात वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. ऊर्ध्वपातित तेल अतिशय तीव्र असते, ते पिऊ नये.