मिश्नातला साक्षीदार आणि सूरह माइदाची आयत

गेल्या वर्षी शाळेच्या फलकावर मी सूरह अल-माइदाच्या ३२व्या आयतीचा आशय मराठीत लिहिला. एकाचा जीव घेणारा जणू साऱ्या माणसांचा जीव घेतो आणि एकाला वाचवणारा साऱ्यांना वाचवतो, असा तो आशय. नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे तर यहुद्यांच्या पुस्तकात आधीपासून आहे. मग ते आपले कसे?" एका सहकाऱ्याचा सल्ला होता की असले प्रश्न वाढू देऊ नयेत. मला ते पटले नाही.

कारण मुलगा बरोबर बोलत होता. यहुदी धर्मनियमांचा 'मिश्ना' हा ग्रंथ इ.स. २००च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी संकलित केला, म्हणजे कुरआनच्या सुमारे चारशे वर्षे आधी. त्याच्या 'सन्हेद्रिन' या भागात हा विचार येतो आणि तोही कोर्टात. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला आधी बजावले जाते : पैशाच्या दाव्यात चुकलास तर भरपाई करता येईल, इथे मात्र मेलेल्याचे आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशाचेही रक्त तुझ्या माथी येईल. आधार काबील-हाबीलच्या कथेचा. तौरातमध्ये हाबीलच्या रक्तासाठी हिब्रूत अनेकवचन आहे. रब्बींनी त्या अनेकवचनात पुढच्या साऱ्या पिढ्या वाचल्या! मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे ही व्याकरणाची नजर मला फार आवडते. आदम एकटाच का निर्माण झाला, याचे एक उत्तरही तिथेच आहे : माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर, असे कुणी म्हणू नये.

कुरआनमध्येही ही आयत आदमच्या दोन मुलांच्या कथेला लागूनच येते. शिवाय हा हुकूम बनी इस्राईलसाठी लिहून दिला होता, असे आयत स्वतःच सांगते. जे उघड सांगितले ते चोरले कसे म्हणायचे? १८३३ साली जर्मनीतले रब्बी अब्राहम गायगर यांनी अशी साम्ये ग्रंथरूपाने मांडली. त्यांच्या मते ती उसनवारी. आम्ही मुसलमान त्यात एकाच उगमाची खूण पाहतो. हा श्रद्धेचा फरक आहे, तो तारखा मोजून मिटत नाही.

मिश्नाच्या अनेक छापील प्रतींत 'इस्राईलमधला जीव' असे शब्द आहेत. बुडापेस्टच्या कॉफमन हस्तलिखितात 'इस्राईल' नाही. यावरून बोट दाखवण्याची घाई नको. आपल्याकडेही हजरत हसन बसरींना विचारले गेले होते, ही आयत बनी इस्राईलपुरतीच की आपल्यालाही लागू? त्यांनी शपथेवर सांगितले, आपल्यालाही. त्यांचे रक्त अल्लाहजवळ आपल्या रक्तापेक्षा मोलाचे नव्हते. इमाम तबरींच्या तफसीरमध्ये ही नोंद आहे.

आता आपली चूक. आयतीत दोन अपवाद आहेत : खुनाचा बदला आणि जमिनीवरचा फसाद. लगेचची ३३वी आयत तर कठोर शिक्षांचीच आहे. आपण भाषणांत हे गाळतो. फसाद म्हणजे नेमके काय, यावर फकीहांनी वाटमारी, सशस्त्र लूट अशा मर्यादा घालत पुष्कळ लिहिले. आजचे अतिरेकी मात्र तोच शब्द हवा तसा ताणतात. आपण तो लपवला की त्याचा अर्थ सांगण्याचे काम त्यांच्याकडे जाते.

फलकावर मीही अर्धीच आयत लिहिली होती. दुसऱ्या दिवशी अपवादांसह पूर्ण आशय लिहिला आणि खाली मिश्नाचे नाव घातले. त्या मुलाने विचारले, "सर, मिश्ना उर्दूत कसे लिहायचे?" मी खडू त्याच्याच हातात दिला.