उष्णतामापकाच्या साक्षीची परीक्षा

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डावर तेलाचे उष्णतामान ११५ अंश सेल्सियस दिसू लागले, म्हणजे चालकापुढे दोन शंका उभ्या राहतात : तेल खरोखरच तापले आहे, की मापक खोटे सांगत आहे? पहिलीकडे दुर्लक्ष केल्यास गिअरबॉक्स जळतो. दुसरीकडे केल्यास निर्दोष गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो. ही शंका मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. उष्णतामापकाची पारख दुसऱ्या, तितक्याच संशयास्पद उष्णतामापकावाचून कशी करावयाची, हा प्रश्न अठराव्या शतकातच विद्वानांना भेडसावीत होता.

बर्फ शून्य अंशावर वितळते व पाणी शंभरावर उकळते, या दोन खुणा पटवल्या की मापक खरा, अशी सामान्य समजूत आहे. परंतु या खुणाच प्रारंभी स्थिर नव्हत्या. लंडनच्या जॉर्ज अॅडम्स याने अठराव्या शतकात बनविलेल्या एका उष्णतामापकावर पाण्याच्या उकळण्याच्या दोन खुणा आढळतात. पाणी उकळू लागते तेथे २०४ अंश फॅरनहाइट आणि खळखळून उकळते तेथे २१२! हेन्री कॅव्हेंडिश याने १७७६ साली रॉयल सोसायटीच्या उपकरणांची छाननी केली व पुढील वर्षी त्याच्याच अध्यक्षतेखालील सात जणांच्या समितीने आपला अहवाल दिला. गोलक उकळत्या पाण्यात न बुडवता बंद भांड्यातील वाफेत धरावा, आणि वायुभारमापक २९.८ इंच दाखवीत असता खूण करावी, अशी समितीची शिफारस होती. पाण्याचे उष्णतामान खोलीनुसार व जाळानुसार बदलते. वाफेचे बहुधा स्थिर राहते.

कॅव्हेंडिशचा दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. गोलक उष्ण पाण्यात व नळीतील पारा बाहेरच्या थंड हवेत असेल, तर आकडा खरा येणार नाही. म्हणजे आकडा बरोबर आहे काय, हे विचारण्यापूर्वी तो कशाचा आकडा आहे, हे विचारणे प्राप्त होते. गिअरबॉक्सविषयीचे निम्मे वाद येथेच मिटतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे तेल सर्वांत उष्ण असते. कूलरमधून फिरून खालच्या तळीत साचलेले त्याहून थंड. एक सेन्सर तळीत व दुसरा कूलरकडे जाणाऱ्या नळीत असला, तर त्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि तरीही दोन्ही खरे असू शकतात.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो याने वेगळी कसोटी लावली. एकाच जातीचे दोन मापक सर्व उष्णतामानांवर परस्परांशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास ती जातच त्याज्य. काचेच्या भेदामुळे पाऱ्याचे मापक या कसोटीस उतरले नाहीत, हवेचे उतरले. मात्र ही कसोटी निषेधाचीच आहे. विसंगतीने दोष सिद्ध होतो. सुसंगतीने सत्य सिद्ध होत नाही. जुना सेन्सर काढून तसाच नवा बसविला आणि आकडा तोच राहिला, तर सेन्सर बिघडलेला नसावा एवढेच कळते. वायरीतील दोष दोघांनाही सारखाच बाधतो. शिवाय मापक कालांतराने ढळतो तो वेगळाच. जूलने आपल्या एका उष्णतामापकाचा हिमबिंदू १८४४ पासून १८८२ पर्यंत तपासला. काच हळूहळू आकसत गेल्याने तो सुमारे १ अंश फॅरनहाइटने वर सरकला होता.

मोटारीतील सेन्सर बहुधा थर्मिस्टर असतो. उष्णता वाढली की त्याचा विद्युत् रोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडमधील असाच गुण फॅरडेने १८३३ साली नोंदविला होता. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीत पहाटे गिअरबॉक्सचे तेल, इंजिनाचे पाणी व बाहेरची हवा यांचे आकडे जवळजवळ सारखे यावेत, ही कारागिरांची पहिली परीक्षा. ती उपयुक्त, पण अपुरी आहे. थंडीत थर्मिस्टरचा रोध मोठा असतो; गंजलेल्या जोडाचा थोडा अधिक रोध त्यात लपून जातो. तेल तापल्यावर मूळ रोध लहान होतो, तेव्हा तोच जोड आकडा लक्षणीय खाली ओढतो. अर्थात् पहाटेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला मापक नेमक्या धोक्याच्या वेळी निश्चिंत करणारी साक्ष देऊ शकतो. उलट, वायरीचे आवरण झिजून विद्युत् जमिनीकडे झिरपू लागली, तर थंड तेलही तापलेले दिसते.

म्हणून सेन्सर बाहेर काढून त्याचा रोध प्रथम वितळत्या बर्फात, मग उकळत्या पाण्यात मोजावा व उत्पादकाच्या कोष्टकाशी ताडून पाहावा. वायर आणि जोड यांची तपासणी त्यानंतर स्वतंत्रपणे करावी. मात्र १७७७ च्या समितीची वायुभाराची अट येथेही सुटत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि तेथे जो शंभर अंश धरून हिशेब करील तो निर्दोष सेन्सरला दोन अंशांचा दोष लावील.