चौपाटीवरचे ‘मरुत्सखा’: एका उड्डाणाची उलटतपासणी

पूर्वपक्ष असा: शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मानवरहित विमान 1500 फूट उंच उडवले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड साक्षीला होते, ‘केसरी’ने बातमी छापली. इंजिन पाऱ्यावर चालत होते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधीचा हा पराक्रम इंग्रजांनी दडपला. 2015 च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, ‘हवाईजादा’ चित्रपटही आला आणि या कथेला नवे बळ मिळाले.

आता उत्तरपक्ष. थोरांची नावे सांगितली जातात, पण त्यांच्या लेखणीतली साक्ष पुढे येत नाही. ‘केसरी’चा हवाला सर्रास दिला जातो, अंकाची तारीख मात्र कोणी देत नाही. शिवाय इंग्रजांनी दडपले म्हणावे, तर टिळकांच्या पत्राने छापले कसे? आणि छापले असेल, तर दडपले काय?

त्या काळातले अनोळखी यंत्र ओळखायचे ते आराखडा, वजन, इंजिन, छायाचित्र आणि समकालीन नोंद यांवरून. अमेरिकन शास्त्रज्ञ लँगली यांचे वाफेवरचे मानवरहित विमान 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे 3300 फूट अंतर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. फ्रेंच संशोधक क्लेमां आदेर यांनी 1897 च्या उड्डाणाचा दावा केला होता, तो फ्रेंच लष्कराच्याच अहवालाने खोटा ठरवला. हा निकष परक्यांना लावायचा आणि आपल्याला माफ, हे न्यायाचे नाही.

पाऱ्याचे समर्थक नासाकडे बोट दाखवतात. 1964 मध्ये नासाने पाऱ्याचे आयन इंजिन चालवले हे खरे, पण ते अवकाशात. त्याचा रेटा जेमतेम काही ग्रॅम वजन तोलण्याइतका. त्यावर चौपाटीवरून विमान उठणार नाही.

राहिले प्राचीन विमानविद्येचा ग्रंथ म्हणून पुढे केले जाणारे ‘वैमानिक शास्त्र’. सुब्बराय शास्त्रींनी ते 1918 ते 1923 दरम्यान सांगून लिहवले, म्हणजे 1895 नंतर दोन तपे उलटल्यावर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे प्रभृतींनी 1974 मध्ये त्याची चिकित्सा केली आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्वाळा दिला. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडाली नाही, अशी नोंदही त्याच अभ्यासात आहे.

श्रद्धेची गोष्ट वेगळी. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी असल्याची भाविकांची श्रद्धा आहे. तिच्याकडे कोणी आराखडा मागत नाही, मागूही नये. पण ‘अमुक साली अमुक यंत्र उडाले’ हे विधान इतिहासाचे आहे. त्याने पुरावा दिलाच पाहिजे.

मंडन एवढेच: संस्कृत ग्रंथांच्या आधारे विमानाचा ध्यास घेणारा मुंबईकर म्हणून तळपदे आदराला पात्र आहेत. ‘पहिले वैमानिक यंत्र उडवणारे’ हे बिरूद मात्र समकालीन पुरावा हाती येईपर्यंत त्यांना देता येणार नाही.